खिळ्यावरची वायर

३ मार्च, सोमवार

सत्तावीस टक्के!

पहाटे साडेपाचला गाडीत बसलो, बटण दाबलं आणि पडद्यावर सत्तावीस. वायर गाडीला लावलेली होती, पण भिंतीवरचं बटण बंद. म्हणजे काल वायर लावली आणि बटण दाबायलाच विसरलो. मी! कुलूप लावून तीनदा ओढून बघणारा मी!

रुग्णालय अठ्ठेचाळीस किलोमीटर. एवढ्या चार्जिंगमध्ये एका बाजूचंही अंतर होत नाही. टॅक्सी मिळेपर्यंत पाऊण तास गेला. बाबांचं डायलिसिस चार तासांऐवजी तीनच तास झालं, कारण त्यांच्यानंतरच्या माणसाची वेळ ठरलेली. सिस्टर म्हणाल्या, "उशीर तुम्ही करायचा आणि सोसायचं यांनी!"

ताईचं घर तिथून चालत पाच मिनिटांवर. ती आली आणि व्हरांड्यातच सुरू झाली. गाडी तिचीच, जुनी झाली म्हणून बाबांच्या फेऱ्यांसाठी दिलेली. "एक काम सांगितलंय तुला! आदल्या रात्री गाडी चार्जिंगला लावायची, बस. परत असं झालं ना, तर बाबांना मी माझ्याकडे घेऊन जाईन. कायमचं."

बाबा बाकावर डोळे मिटून बसले होते. ऐकत होते की नाही, कोण जाणे.

४ मार्च, मंगळवार

या वहीच्या मागच्या पानांवर रकाने आखले. तारीख. वायर. बटण. हिरवा दिवा. वेळ. रोज लावायची नाही, सोमवार-बुधवार-शुक्रवारच्या फेरीच्या आदल्या रात्रीच— भाऊजींचा नियम. शंभरावर उभी ठेवली की बॅटरी लवकर म्हातारी होते म्हणे.

बाबा बघत होते. "काय इन्स्पेक्टर, आता गाडीचीही हजेरी का?"

त्यांच्या पाण्याचा तक्ता आधीपासून भिंतीवर आहे. दिवसाला पाऊण लिटर, त्यावर एक घोट नाही. मी मापानेच देतो.

आईच्या आजारपणात नववीतून शाळा सुटली. ती गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मला पाट्या रंगवता येतात आणि बाबांना सांभाळता येतं. दुसरं काही येत नाही. ताईने त्यांना नेलं तर मी सकाळी उठायचं कशासाठी?

७ मार्च, शुक्रवार

बुधवारी शंभर. आज शंभर. दोन्ही दिवस दहा मिनिटं आधी पोचलो!

१० मार्च, सोमवार

एकतीस टक्के. बटण बंद.

पण वहीत सगळ्या खुणा आहेत! नऊ वाजून दहा मिनिटं. हिरवा दिवा— बरोबरची खूण. माझीच पेन्सिल, माझाच हात. मग खोटं कोण बोलतंय, वही की बटण?

वही ताईपुढे धरली. ती म्हणाली, "खुणा काय, सवयीने होतात." भाऊजी मध्ये पडले— "जाऊ दे गं, शेवटची एक संधी दे त्याला."

मी बाबांकडे बघितलं. वाटलं, एक शब्द तरी बोलतील माझ्या बाजूने. 'पोरगं काळजी घेतं' एवढंच. त्यांनी मान वळवली. परत येताना टॅक्सीत फक्त म्हणाले, "ताईच्या खिडकीतून रुग्णालयाचं गेट दिसतं, नाही का रे?"

दिसतं म्हणालो.

११ मार्च, मंगळवार

वरच्या मजल्यावरचे काका! दुसरं कोण असणार? वायर त्यांच्या जिन्याच्या पायथ्यावरून जाते. दोनदा अडखळलेत. "ही तुझी नागीण उचल इथून," असं मागच्या महिन्यात ओरडले होते.

वर जाऊन तोंडावर विचारलं. काका लालबुंद झाले. "अरे, घरातला दिवा गेला तर बदलायला मी तुझ्या बाबांना हाक मारतो! मी हात लावीन तुझ्या त्या बटणाला?" आणि धाडकन दार लावलं.

मला पटलं नाही. दुकानातून चिकटपट्टी आणली. बटण चालू करून त्यावर उभी-आडवी डकवली आणि वर सही केली. आता बघू!

१४ मार्च, शुक्रवार

पट्टी जशीच्या तशी. परवाही शंभर, आजही शंभर. चोर घाबरला.

काका जिन्यात भेटले. बघितलं न बघितल्यासारखं करून गेले.

१७ मार्च, सोमवार

एकोणतीस.

पट्टी शाबूत. सही शाबूत. आणि वायर— भिंतीतल्या खिळ्यावर! नीट गुंडाळून टांगलेली. म्हणजे काल मी ती खिळ्यावरून काढलीच नाही? मग वहीत खुणा कोणी केल्या? दिवा हिरवा झालेला मी पाहिला. पाहिला ना? आता शपथेवर सांगता येणार नाही.

ताई फोनवर ओरडली नाही. त्याचीच जास्त भीती वाटली. म्हणाली, "बुधवार-शुक्रवारची टॅक्सी मी ठरवते, तू गाडीला हात लावू नकोस. रविवारी बाबांना इकडे घेऊन ये, सगळ्या सामानासकट." मग फोन ठेवता ठेवता— "आणि तू स्वतःलाही एकदा डॉक्टरांना दाखव."

बाबा शेजारीच होते. फोनचा आवाज मोठा होता. सगळं ऐकलं त्यांनी.

१८ मार्च, मंगळवार

आज एका पाटीवर 'दवाखाना' रंगवला. सहा वेळा वाचला. बरोबर होता, तरी विश्वास बसेना. पाट्यांच्या दुकानाचे मालक म्हणाले, "किती बघतोस? तुझ्या हातून चूक झाली तर मी दुकानाला टाळं लावीन!" सगळे हसले. मीही हसलो.

ज्याला काल रात्री आपण काय केलं ते आठवत नाही, त्याने स्वतःच्या डोळ्यांवर तरी का भरवसा ठेवावा?

१९ मार्च, बुधवार

टॅक्सीने गेलो. टॅक्सीने आलो.

२० मार्च, गुरुवार

संध्याकाळी बाबा स्वतःचे सदरे इस्त्री करत होते. मी करतो म्हणालो तर नको म्हणाले. इस्त्री झाली, थंड झाली आणि ते तिची वायर गुंडाळायला लागले. अंगठ्यावरून कोपराकडे, मधे उलटी, परत अंगठ्यावर. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी. चाळीस वर्षं वायरमन होते. "गोल गुंडाळली की पीळ बसतो गाढवा," म्हणून लहानपणी टपली मारायचे. मी कधी शिकलो नाही. मी गोलच गुंडाळतो.



बाहेर धावलो. सोमवारपासून खिळ्यावरच्या वायरला कोणी हात लावला नव्हता.

आठ.

आत आलो. "बाबा, वायर तुम्ही काढलीत?"

त्यांनी इस्त्री फळीवर ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही. "पहिल्या वेळी नाही. पहिल्या वेळी तूच विसरला होतास. नंतर दोनदा मी."

"का?"

"मला ताईकडे राहायचंय."

एवढंच! "मग तसं सांगायचं ना मला!"

"तुला वाईट वाटलं असतं."

हसावं की रडावं कळेना. म्हणजे मला वाईट वाटू नये म्हणून मला वेडा ठरवलं! मी काकांवर आळ घेतला, स्वतःच्या डोक्यावर संशय घेतला, सहा-सहा वेळा 'दवाखाना' वाचला— आणि हे शेजारी बसून ऐकत होते.

तेच पुढे बोलले. "हा हेलपाटा आता झेपत नाही रे. आणि तू पाणी मोजतोस, गोळ्या मोजतोस. मी झोपलो की दारात उभा राहून श्वास मोजतोस. मला कळत नाही असं वाटतं? तुरुंगातल्यासारखं वाटतं कधी कधी." मग म्हणाले, "चांगला आहेस तू. फार चांगला आहेस. तीच तर पंचाईत आहे."

मी जेवलो नाही. त्यांचं पाणी मात्र दिलं. मापानेच.

२१ मार्च, शुक्रवार

काकांची माफी मागितली. खरं कारण सांगितलं नाही. काका म्हणाले, "माफी राहू दे, तो स्वयंपाकघरातला दिवा बदलून दे. तुझे बाबा चाललेत ना, मग आता तूच." बदलून दिला.

ताईला खरं सांगू का? सांगितलं तर बाबा खोटे ठरतात. नाही सांगितलं तर जन्मभर मी विसराळू. दोनदा नंबर काढला. दोनदा फोन ठेवून दिला.

२२ मार्च, शनिवार

दोन बॅगा भरल्या. पाण्याचा तक्ता भिंतीवरून काढून गुंडाळत होतो, तर बाबा म्हणाले, "तो इथेच राहू दे." परत लावला. नाव त्यांचं, भिंत माझी.

उद्या टॅक्सी नको म्हणाले. आपल्याच गाडीने जाऊ, तूच सोड. जेवताना विचारलं— "गाडी लावलीस ना रे?"

"लावतो," म्हणालो.

२३ मार्च, रविवार

काल गाडी लावली नाही. विसरलो नव्हतो.

सकाळी शंभर टक्के. वायर खिळ्यावर— आठासारखी गुंडाळलेली.