बॅटरीवरचं कुंकू

अण्णा, खंडेनवमीच्या सकाळी बेंबळीचे सर गॅरेजवर आले होते. तुमचं जुनं गिऱ्हाईक. आता रिटायर झालेत, उजवा खांदा पार कामातून गेलाय, आणि तरी आठवड्यातून दोनदा त्यांच्या बाईंना डायलिसिसला इथं धाराशिवला तेच घेऊन येतात. महिनाभर त्यांच्या गाडीचं स्टिअरिंग मधूनच जड व्हायचं. तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली, तेव्हा सांगायला हवं: हल्लीच्या गाड्यांत तुमचा तो ऑइलचा पंप नसतो. स्टिअरिंगच्या दांड्यावर एक मोटर असते, आणि चालवणाऱ्याचा हात किती जोर लावतोय हे तिला कळवायला एक सेन्सर. मोटरनं साथ सोडली की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि चाक वळवताना धडधाकट माणसाच्याही नाकी नऊ येतात. सरांचा तर एकच हात. मागच्या आठवड्यात वळणावर त्यांची गाडी उसाच्या ट्रॉलीवर जाता जाता राहिली. मी स्कॅनर लावला, त्यानं सेन्सरचा दोष दाखवला, आणि मी ठोकून दिलं, "सर, सेन्सर सुटा मिळत न्हाय. अख्खा दांडा बदलावा लागंल." सरांनी किल्ली उचलली. म्हणाले, "बघू. तवर चालवतो तशीच." त्या 'तशीच'नं मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

खंडेनवमीला पाने-पक्कड पूजेला, त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, हा तुमचा नेम मी पाळते. पाटावर सगळे पाने, तुमचा हातोडा, आणि मधोमध झेंडूचं फूल वाहिलेला स्कॅनर. अशात सर दारात. मागच्या सीटवर बाई, पाय सुजलेले. "इथं गेटातच आडली बघ. वळंना," सर म्हणाले. बाई म्हणाल्या, "पोरी, अकराला मशीनवर घेतेत मला. कायतरी कर."

हात रिकामे होते म्हणूनच तुम्ही आठवलात. तुम्ही होता तेव्हाची गोष्ट: डिप्लोमा करून मी नुकतीच गॅरेजात आलेय. भूमच्या बाजाराची एक जीप येते, स्टिअरिंग जड. तुम्ही चहाला गेलात तेवढ्यात मी खालचा सगळा पसारा उघडून बसते. तुम्ही परत येता, पुढच्या टायरवर नुसता पाय दाबता. हवाच नाही. "पाना हातात आला की डोळं झाकतेत, पोरी. आदी मालकाला इचार, मग गाडीला." एवढ्यावर भागलं असतं. पण तुम्ही मला त्या जीपवाल्यासमोर उभं केलंत आणि म्हणालात, "सांग त्येला, चूक कुणाची हाय." चार माणसं बघत होती. मी सांगितलं, आणि चार दिवस तुमच्याशी बोलले नाही. आई दोघांना वेगवेगळं वाढायची.

तर या वेळी मालकाला विचारलं. "सर, कवा जड होतं?" "सावकाश वळवताना. हायवेला काय न्हाय." "आनखी?" बोलल्या त्या बाई, "एसी लावला की. मला उकडतंय म्हणून ह्ये लावतेत, आन् तवाच दिवा लागतो." महिनाभर मागं बसून त्यांनी बघितलं होतं, आणि मी एकदाही विचारलं नव्हतं. सेन्सरला एसीशी काय देणंघेणं? सावकाश वळताना मोटर सगळ्यात जास्त वीज ओढते, त्यात एसी. म्हणजे वीजच पुरत नव्हती, आणि सेन्सरवर आळ आला होता. मी बॉनेट उघडलं, अर्थिंगची वायर बोटांनी चाचपत गेले. बॅटरीखाली, जिथं ती बॉडीला कसलेली असते, तिथं गंजाची हिरवट बुरशी चढलेली; वीज अडत होती ती तिथंच. आणि बुरशीत लाल कुंकू.

पाटावरून दहाचा पाना उचलला. त्याला तुम्ही रागावणार नाही, हे मला माहीत आहे. पॉलिश पेपरनं घासून नट कसला, गाडी चालू केली, एसी लावला. चाक एका बोटानं फिरलं. पावणेअकराला ते निघाले तेव्हा सर म्हणाले, "बापाचाच हात हाय बघ." मी हसून घेतलं.

अण्णा, ते कुंकू माझं होतं. तुम्ही गाडीची पूजा बॉनेटच्या वरून करायचात, आत कधी नाही. तुम्ही गेल्यावर मी दर वर्षी काहीतरी वाढवत गेले, कशासाठी ते मला नीट सांगता येत नाही. तुमची आठवण यायची एवढं खरं. गेल्या वर्षीच्या खंडेनवमीला सरांची गाडी सर्व्हिसिंगला आली होती. मी बॉनेट उघडून बॅटरीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि पाणी तिथंच शिंपडलं. ते वर्षभर त्या नटात मुरत राहिलं. या वेळी निघताना सरांनी विचारलं, "काय झाल्तं?" मी म्हणाले, "नट ढिला झाल्ता."

त्या ट्रॉलीचा विचार मनातून जात नाही. सर गुरुवारी परत येतील, फोन नंबरही माझ्याजवळ आहे, आणि मी मात्र हे तुम्हाला लिहीत बसलेय. तुमच्यापुढं कबूल करणं सोपं आहे, अण्णा. तुम्ही आता मला गिऱ्हाइकासमोर नेऊन उभं करू शकत नाही.