जीपचा छोटा दांडा

बाबा, तुमची जीप आता मागच्या दोनच चाकांवर चालते. सरळ सांगून टाकते, कारण आडवळणाने बोललं की तुम्ही चिडायचात. पुढच्या बाजूचे गिअर तुटले, म्हणून शहाडच्या गॅरेजमध्ये पुढचा शाफ्टच काढून घेतला. पुढची चाकं आता नुसती फिरतात, गाडी ओढत नाहीत. मिस्त्री म्हणाला, "ताई, हिचे पार्ट भंगारातपण नाय मिळत आता. टू-व्हीलवर करून टाकू, स्टीअरिंगपण हलकं होईल." झालंय हलकं. इतकं, की पहिल्या दिवशी हातात काही धरलंय असंच वाटेना.

आपलं घर चाललं ते त्या चार चाकांवर. टिटवाळ्यापलीकडच्या शेतांमध्ये बोअरचे पंप काढायला तुम्ही जायचात, शाळेला सुट्टी असली की मला शेजारी बसवून. चिखल आला की गाडी थांबवायची, मोठ्या गिअरशेजारचा तो छोटा दांडा ओढायचा, की पुढची चाकंही गाडी ओढायला लागायची आणि पुढून घुंईंऽ असा आवाज सुरू. एरवी दिवसभर तोंड न उघडणारे तुम्ही त्या आवाजाबरोबर गुणगुणायला लागायचात. कुठलं गाणं, देव जाणे! सूर जीपचाच लागायचा, तुमचा कधीच नाही. मी हसले की म्हणायचात, "हस, हस. तिला तरी आवडतं माझं गाणं."

आणि तो दिवस आठवतो का? मी नुकतीच चालवायला शिकलेय, शेतातून सडकेवर येते, दांडा परत ढकलायला विसरते आणि तशीच दामटते. तुम्ही फाडकन माझ्या हातावर मारता. "डांबरावर फोर? अगं, मातीत चाकाला घसरायला जागा असते. डांबर सोडत नाही. वळणावर गाडी स्वतःच्याच हाडांना पीळ घालते!" घरापर्यंत मग तुम्हीच चालवलीत. जेवताना मात्र तळलेल्या बोंबलाचा मोठा तुकडा तुम्हीच माझ्या ताटात सरकवलात.

आता आई नाही, लेक बंगळुरात. डोंबिवलीच्या घरात मी आणि फ्रिज, दोघंच बोलतो, त्यातही जास्त तोच. रविवारी जीप काढते, शीळफाट्यापर्यंत जाते, टपरीवर चहा पिते, परत येते. कुठे गेलेलीस म्हणून कोणी विचारत नाही. फार एकटं वाटतं हो बाबा. लेकीला फोनवर सांगत नाही, उगाच जिवाला घोर तिच्या.

मिस्त्रीने गिअर उघडले, तुटलेले दात तळहातावर घेतले आणि माझ्याकडे बघून विचारलं, "डांबरावर फोर लावलेली का कोणी?" मी म्हटलं, "छे हो! जुनी झाली, दुसरं काय." छोटा दांडापण तो काढायला निघालेला, तेवढा राहू दिला मी. आता कुठेही सरकवा, काही होत नाही.

हे पत्र टाकणार तरी कुठे? सीटखालच्या तुमच्या पान्यांच्या पेटीत ठेवीन. मिस्त्रीशी खोटं बोलले, बाबा. मीच लावलेली फोर, आणि विसरून नाही. शीळफाट्याहून परत येताना, तुमचा मार लख्ख आठवत असताना, दांडा ओढला. घुंईंऽ सुरू झालं. वळणावर कडाड् झालं, तेव्हा मी गुणगुणत होते.