स्वारीची लापशी

कार्तिक वद्य २, शके १७१६

आज इकडचा शेवटचा दात पडला. भाकरीने नव्हे – भाकरीच्या पापुद्र्याने.

नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही म्हणून मी इकडे म्हणते, नाहीतर स्वारी म्हणते; गाव आप्पासाहेब म्हणते. पन्नास घोड्यांचे पथक, साठीला टेकलेले वय आणि दोन बोटे जाड मिशा. त्या मिशांच्या आड काय उरले आहे ते फक्त मला ठाऊक. चातुर्मासात बरे होते. "भाकरी वर्ज्य केली आहे," असे स्वारी सांगे, लोक हात जोडत. दूधभात खाऊन पुण्य मिळत होते. आता चातुर्मास संपला. आता काय सांगणार?

दात मी परसात पुरला. स्वारीने विचारले, "कोणी पाहिलं नाही ना?" म्हटले, मांजराने पाहिले. तेव्हापासून स्वारी मांजराकडे रोखून बघते आहे.

कार्तिक वद्य ४

मोगलाईवर मोहीम ठरते आहे म्हणे. त्याआधी सगळ्या पथकांची पाहणी. जो पथकदार घोड्यावर बसायच्या लायक नाही त्याच्या मुलाने पथक घेऊन निघायचे.

ही बातमी दत्तोबाभाऊजींनी आणली. स्वारीचे चुलतभाऊ. शेजारच्याच वाड्यात राहतात, पण वाईट बातमी असली की पायांत चाके असतात. "वहिनी, दादा फार वाळले हो. आता अनंताने पुढे व्हावं. मी आहेच मागे." मागेच असणार. अनंता नावाला पुढे, मोगलाच्या गोळीलाही पुढे. आणि पथकाचा कारभार भाऊजींच्या हातात.

अनंता आमचा एकुलता. ग्रहणांचे गणित करतो. चंद्र कधी झाकणार ते त्याला आधी कळते. घोड्याच्या मागून जाऊ नये हे दोन लाथा खाल्ल्यावर कळले.

हे कोणी वाचणार नाही म्हणून खरे लिहिते. दोघांपैकी एकाने जायचेच असेल तर स्वारी जावो. अनंता नको.

लिहिले. खोडणार नाही.

कार्तिक वद्य ५

पण स्वारी जाणार कशी? आज घोड्यावर चढवायला दोन माणसे लागली. उतरताना तिसरा. दूधभातावर माणूस जगतो, लढत नाही. लाडू चालत नाही, पोळी चालत नाही, भात फार मऊ केला की "मी काय आजारी आहे?" म्हणून ताट सरकवायचे.

एक फायदा झाला आहे. शब्द फसफसतात म्हणून स्वारी कमी बोलते. कालच कोणी म्हणाले, आप्पासाहेब अलीकडे फार विचारी झाले.

कार्तिक वद्य ६

शमशुद्दीन मेवेवाल्याची बायको अख्तरबानू परसदारी अंजिरे घेऊन आली. वीस वर्षांचा परिचय. ती उंबऱ्याबाहेर, मी आत, आणि गप्पा मधे. मी सहज विचारले, चावावे लागणार नाही आणि अंगात ताकद येईल असे काय करावे. कोणासाठी ते सांगितले नाही. तिने विचारलेही नाही.

"आमच्याकडे मोहरमात गहू रात्रभर निखाऱ्यावर ठेवतात, बाई. सकाळी नुसता डाव फिरवला की लोणी. त्यात आणखी काय काय असतं ते तुम्ही विचारू नका."

मी विचारले नाही.

कार्तिक वद्य ७

केले. गव्हाऐवजी जव घेतले – अंगाला हलके, आणि पागेतून कोणाला न विचारता आणता येतात. भाजून जात्यावर भरड काढली, तुपावर परतली. कल्हईच्या पातेल्यात चौपट पाणी, त्यात भिजवलेल्या खारका, सुकी अंजिरे, मूठभर मनुका, सुंठ, दालचिनी. झाकणाच्या कडेला कणीक लावून बंद. चुलीच्या वैलात निखारे, त्यावर राख, राखेवर पातेले, भोवती तूस. आणि मग काही करायचे नाही. हेच सगळ्यांत अवघड. सासूबाईंनी शिकवले की चुलीवरून नजर हलवू नये. इथे नजर टाकून उपयोगच नव्हता.

सकाळी कणीक फोडली तर घरभर असा वास की अनंता गणित टाकून उठला. अंजिरे विरघळून गेलेली, खारकेची नुसती गोडी उरलेली. वरून दूध, गूळ, वेलदोडा.

स्वारीपुढे वाटी ठेवली. बराच वेळ नुसती पाहिली. मग माझ्याकडे पाहिले. मग खाल्ली.

 वाटी पुन्हा पुढे केली.

कार्तिक वद्य १३

रोज दोन वाट्या. आज घोड्यावर चढायला एकच माणूस.

मार्गशीर्ष शुद्ध १

व्हायचे तेच झाले. ताकद आली ती आधी जिभेत आली.

ओंकारेश्वराच्या घाटावर कोणी विचारले, आप्पासाहेब, तेज आलेले दिसते, काय घेता? झाले. स्वारीने सांगितले म्हणे – हा शिपाईगिरीचा खुराक. तरुणपणी उत्तरेच्या मोहिमेत रसद तुटली तेव्हा घोड्याच्या तोबऱ्यातले जव निखाऱ्यात शिजवून खाल्ले आणि तसेच शत्रूवर तुटून पडलो. "घोड्याचं खातो, म्हणून घोड्यावर बसतो!"

उत्तरेच्या त्या मोहिमेत स्वारीला जुलाब होत होते आणि स्वारी बऱ्हाणपुरावरूनच परत आली, हे माझ्याशिवाय आता कोणाला आठवणार?

म्हटले, इतक्या मोठ्याने सांगायची काय गरज? तर मिशीला पीळ.

मार्गशीर्ष शुद्ध ४

दत्तोबाभाऊजी गप्प बसतील कसे. त्यांनी शंका काढली – रात्री शिजलेले सकाळी खायचे, म्हणजे शिळे. शिळे खाणाऱ्याने पाहणीच्या दिवशी देवदर्शन करून हत्याराला हात कसा लावायचा? शंका अशी काढली की घाटावर ऐकू गेली.

मग श्रीधरशास्त्र्यांना बोलावणे. शास्त्रीबुवा सकाळीच आले, पोथी घेऊन. मी म्हटले, निर्णयाआधी पदार्थ पाहावा. पाहिला. चाखला. एक वाटी झाल्यावर म्हणाले, प्रश्न सूक्ष्म आहे. दुसरी वाटी झाल्यावर निर्णय दिला:

"पाक पुरा होईपर्यंत पदार्थाला जन्मच नाही. निखारा सकाळपर्यंत जिवंत आहे, म्हणजे पदार्थ सकाळी जन्मला. सकाळी जन्मलेला शिळा कसा?"

भाऊजींना तोंड उघडता येईना. शास्त्रीबुवांनी मात्र उघडले – निर्णयाची खात्री पटावी म्हणून रोज एक वाटी पाठवावी म्हणाले.

युक्ती रविवार पेठेतल्या अख्तरबानूची आहे हे मी सांगितले नाही. तिचा निर्णय पोथीत सापडायला फार वाट्या लागल्या असत्या.

मार्गशीर्ष शुद्ध १०

पेठ वेडी झाली आहे. ज्याच्या घरी तलवार आहे तो लापशी खातो. ज्याच्या घरी नाही तो दोन वाट्या खातो. सराफांच्या घरी केशर घालतात. समोरच्या कारकुनाने तर नुसती राख भरलेली शेगडी ओसरीवर मांडून ठेवली आहे, येणाऱ्याजाणाऱ्याने पाहावी म्हणून.

वाड्यापुढच्या बाजारात जव मिळेनासे झाले. आमच्या पागेत आज घोड्यांना कडब्यावर भागवले. माणसे घोड्याचे खातात आणि घोडे माणसांकडे बघतात. मोहीम तोंडावर आहे.

अख्तरबानू आली होती. अंजिरे संपली म्हणे. "बाई, पुण्यात एवढे शूर आहेत हे आम्हांला माहीतच नव्हतं."

मार्गशीर्ष वद्य २

अनंता आज स्वारीसमोर जाऊन उभा राहिला. 

"आप्पा, या वयात आपण जाऊ नये. पथक माझ्या नावे करा. मी निघतो."

माझ्या हातातला डाव तसाच राहिला.

स्वारी कडाडली. "तू निघतोस? तुला तोबरा बांधता येतो? घोड्याचं तोंड कुठल्या बाजूला असतं ते आधी बघून ये. माझ्या पथकाला पंचांग नको, पथकदार पाहिजे!" सगळ्या वाड्याने ऐकले. भाऊजी भिंतीपलीकडे होते, त्यांनीही.

पोरगा मान खाली घालून गेला. जेवला नाही. मला स्वारीचा राग आला, आणि त्याच वेळी हायसे वाटले. दोन्ही एका पोटात मावले.

मार्गशीर्ष वद्य ७

पाहणी झाली. हुजूरकडून आलेले गृहस्थ स्वारीच्याच वयाचे. भाऊजी सकाळपासून त्यांच्या कानाशी. "दादा आता थकले, लोकलाजेस्तव बोलत नाहीत" वगैरे. गृहस्थ म्हणाले, आधी ती लापशी तर पाहू.

मी दाराआडून पाहत होते. दोघे समोरासमोर पाटावर. स्वारी खाते – जिभेने आणि टाळूने, मिशीखाली काही हलत नाही. मी समोरच्या पाटाकडे पाहते तर काय, त्या गृहस्थांचेही तसेच! गाल आत, मिशा स्थिर. दोघेही खाली वाटीकडे बघत खात होते आणि दोघेही एकमेकांच्या तोंडाकडे चुकूनसुद्धा बघत नव्हते.

वाटी संपवून गृहस्थ म्हणाले, "आप्पासाहेब, तुमच्यासारखी पिकली माणसं आहेत म्हणून राज्य आहे."

मग स्वारीने घोड्यावर मांड टाकली. एकट्याने. चौकाला दोन फेऱ्या मारल्या. भाऊजींचा चेहरा पाहण्यासारखा होता. मी पाहून घेतला.

जाताना त्या गृहस्थांच्या नोकराने परसदारी येऊन हळूच विचारले, पाणी किती घालता? पेठेत लापशी एवढी का शिजते ते मला आज कळले.

मार्गशीर्ष वद्य ८

हुकूम आला. पथक आप्पासाहेबांनीच न्यावे. आघाडीला.

मला हवे होते तेच झाले. मी माझे ताट गाईपुढे ठेवले.

पौष शुद्ध ५

आघाडीला. हा शब्द मी धरला नव्हता. मला वाटत होते, म्हातारा माणूस, मागे बाजारबुणग्यांबरोबर राहील, तंबूत बसून थापा मारील आणि चैत्रात परत येईल. आता सगळीकडे गाजले आहे की हा माणूस जव खाऊन शत्रूवर तुटून पडतो. मग त्याला मागे कोण ठेवील?

स्वारी तळपायाला तेल लावून घेत होती. पाय किती बारीक झाले आहेत. अठ्ठावीस वर्षे या माणसाच्या थापा ऐकल्या, पाय कधी पाहिले नव्हते.

पौष शुद्ध १२

आज धीर करून म्हटले, इकडून जाऊ नये. काही कारण काढू. ताप आला म्हणू. शास्त्रीबुवा वाट्यांच्या मोबदल्यात मुहूर्तदेखील वाईट सांगतील.

स्वारी हसली. माझ्यापुढे तोंड झाकत नाही हल्ली. "आणि मग? मग कोण जाईल?"

मी चुलीकडे वळले. स्वारी पुढे म्हणाली, "मोगल काय, माझं नाव ऐकूनच पळेल." आणि तलवारीला तेल लावायला घेतले.

पौष वद्य १

पथक गारपिराच्या छावणीकडे गेले. निघण्याआधी स्वारी स्वयंपाकघराच्या दाराशी आली. घरातली बाकी मंडळी चौकात होती. हळू बोलली, थाप मारताना बोलते तशी नाही.

"मला कशासाठी खाऊ घातलंस ते पहिल्याच सकाळी कळलं मला. बरं केलंस. गावभर बोंबलत हिंडलो तो काय हौसेनं? हळू सांगितलेलं दत्तोबाला ऐकू येत नाही, आणि त्याने पोरालाच पुढे केलं असतं. पोराला मात्र सांगू नकोस, नाहीतर मागून धावत येईल."

अनंता मगाशी विचारत होता, आप्पा काय म्हणाले. म्हटले, लापशीत गूळ कमी होता म्हणाले.