एक इंच भिंत

बाबा, सरकारने नवी मापं आणल्यापासून आमच्या प्रयोगशाळेत जुने इंग्रजी तक्ते मेट्रिकमध्ये बदलायचं काम माझ्याकडे आहे. कुठला पदार्थ उष्णता किती वाहून नेतो, त्याचे आकडे. बूच, तूस, लाकूड, वीट. आज एका तक्त्यावर जाडीचं एकक लिहिलेलं नव्हतं. मी तो परत पाठवला आणि साहेबांनी कारण विचारलं तेव्हा म्हटलं, यात बारा पटींची चूक लपू शकते. त्यांना तेवढं पुरलं. बाकीचं तुम्हाला लिहिते आहे.

उष्णता कशी चालते हे तुम्ही मला स्वयंपाकघरात शिकवलंत. मी नऊ वर्षांची. तुम्ही बर्फ कारखान्यातून आलात, आईला चुलीपासून बाजूला ढकललंत, आणि माझ्या उजव्या हातात लोखंडी पळी, डाव्या हातात करवंटीचा डाव दिलात. दोन्हींची टोकं निखाऱ्यात. "सोडलंस तर बघ." डाव हातात राहिला. पळी मी सोडली, तेव्हा कातडी तिला चिकटलेली होती. मग कानाखाली बसली. आई ओरडली, "मारशात चेडवाक!" तुम्ही तिच्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. "आता इसारचंय नाय," मला म्हणालात. "लोखंड धावता, करवंटी बसता." विसरले नाही, हे खरं आहे.

आता ती मे महिन्याची सुटी. मी कॉलेजचं पहिलं वर्ष संपवून मालवणात आले आहे. कारखान्यातल्या बर्फकोठीच्या भिंतीतलं सहा इंच जाडीचं बूच कुजलंय आणि शेठनी परदेशातून नव्या जातीचे पांढरे, हलके तक्ते मागवलेत. खोक्यातल्या कागदावर आकडा आहे ०.०३५, किलो-कॅलरी, मीटर, तास, सेंटिग्रेड. तुमच्याकडे मुंबईच्या गोदीतून आणलेलं इंग्रजी पुस्तक, त्यात सगळं ब्रिटिश मापांत. बर्फाच्या साच्यांशेजारी, शेठ आणि सुतारांसमोर, तुम्ही मला उभ्यानेच हिशेब करायला लावता. ०.६७२ ने गुणायचं. उत्तर ०.०२३५. हा आकडा एक फूट जाडीचा. मी त्याखाली 'दर फूट' लिहिते आणि रेघ मारते. तुमच्या पुस्तकात बुचाचा आकडा ०.३० आहे, पण तो एक इंच जाडीचा. तुलना करायची तर माझं उत्तर बाराने गुणायला हवं. मग ०.२८ येतं, म्हणजे नवे तक्ते बुचापेक्षा जेमतेम बरे, आणि भिंत तेवढीच जाड हवी.

तुम्ही रेघेकडे बघितलं नाहीत. दोन आकडे शेजारी ठेवलेत आणि हसलात. "शेठ, बारा पटीन बरां! सा इंच कित्याक? अर्धो पुरे. एक घालूया, हयगय नको." मी म्हटलं, "बाबा, तो आकडो फुटाचो आसा." तुमच्या हातात लाकडी फूटपट्टी होती. ती धारेच्या बाजूने माझ्या कानावर फिरवलीत. कानातून रक्त आलं ते मला नंतर कळलं, आधी फक्त सुतारांचे रंधे थांबलेले कळले. "शेठीसमोर माका शिकवतंस? बापाशीक?" आणि लगेच त्यांच्याकडे वळून, वेगळ्याच आवाजात, "माझ्या चेडवान हिशेब केल्यान. कॉलेजात शिकता." तुम्ही माझं कौतुक केलेलं मी तेव्हा एकदाच ऐकलं. उरलेले तक्ते शेठनी दुसऱ्या गावच्या कोठीसाठी विकले. भिंत अकरा दिवसांत उभी राहिली.

पावसाळ्यात कारखाना बंद. दिवाळीच्या सुटीत मी परत आले तेव्हा कोठी भरलेली होती, आणि बाहेरच्या गिलाव्यावरून पाण्याचे ओघळ पायरीपर्यंत आले होते. दोन दिवसांनी रापणीच्या जाळ्यात बांगडा लागला, एवढा की किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. कोल्हापूरच्या लॉऱ्या उभ्या. रापणकर टोपल्या घेऊन बर्फाला आले, कोठीचं दार उघडलं, आणि आत लाद्यांऐवजी गुडघाभर पाण्यात विटेएवढे तुकडे. दुपारपर्यंत बांगडा कुसला.

"बरफ खंय आसा रे मिस्त्री? आमका पाणी इकतंस?" शेठनी तुमच्याकडे बोट दाखवलं आणि ऑफिसची कडी लावून घेतली. पहिलं वल्हं तुमच्या पाठीत बसलं, दुसरं गुडघ्यावर. गुडघा मोडल्याचा आवाज पाण्याच्या टाकीपर्यंत आला. मी तिथे होते. तुम्ही पडलात तेव्हा एकाने कुसलेले बांगडे तुमच्या तोंडात कोंबले. "खा! तुझ्या कोठयेतले!" कोणीतरी विचारत होतं, "कोणी सांगल्यान तुका एक इंच? कोणी?" मी तुमच्यापासून वीस पावलांवर होते. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. आणि माझं नाव घेतलं नाहीत. का, ते मला माहीत नाही. त्यानंतरचा फटका जबड्यावर बसला. कदाचित तोच फटका आधी बसला असता तर प्रश्नच उरला नसता.

त्यानंतर जाईपर्यंत दोन वर्षं तुम्ही खाटेवर होतात. मी तुम्हाला पेज भरवली. तुमचं बोलणं कळत नसे, आणि मीही त्या भिंतीचा विषय काढला नाही. हिशेब मात्र मी पुनःपुन्हा केला आहे. माझं उत्तर बरोबर होतं. रेघही मारली होती.

हा कागद मी आईला वाचून दाखवणार नाही. ती शेजारणींना सांगते, "चेडू भियालां, म्हणान गप रवलां," आणि मी तिला तसं सांगू देते. भीती पहिल्या दिवशी होती. पुढचे दहा दिवस मी दुपारी तुमची पेज घेऊन कारखान्यात येत होते. तुम्ही जेवत असताना सुतार दूर बसलेले असत, शेठ घरी. हलक्या आवाजात एक वाक्य सांगायला वेळ होता. मी चढत जाणारी भिंत बघत बसायचे आणि मनात म्हणायचे, तुम्हालाही एकदा कोणीतरी चारचौघांत मारावं. किती मारतील, त्याचा अंदाज मी केला नव्हता.