माझ्या मरणाची रंगीत तालीम

भावजींना वहिनीचा नमस्कार.

गुडघे काय म्हणतात? माझी तब्येत ठणठणीत आहे. हे आधीच लिहिते, कारण परवा मी गेल्याचं ऐकून तुम्ही अर्ध्या वाटेपर्यंत रडत आलात म्हणे. (पुतण्याने फोन करून खरं सांगितल्यावर मला घातलेल्या शिव्याही पोचल्या.)

झालं असं. हे गेले तेव्हा त्यांचे डोळे द्यायचे होते, त्यांनी शंभरदा बजावलं होतं. पण सगळे रडण्यात, आणि तुम्ही "माझ्या दादाला हात लावाल तर बघा" म्हणून दारात उभे. वेळ गेली ती गेलीच. माझं तसं होऊ नये म्हणून डोळ्यांच्या दवाखान्यातल्या बाईंना सगळं खोदून खोदून विचारून आले. (मोतीबिंदू काढलेला असला तरी चालतो. बुबुळावरचा काचेसारखा पातळ पडदा दुसऱ्याला बसवतात, आणि दोन डोळ्यांवर दोघांना दिसायला लागतं. आपला चेहरा होता तसाच राहतो. ही काही फार चांगली बातमी नाही, असं तुम्ही म्हणालच.)

घरी म्हटलं, एकदा करून बघू. मी पलंगावर मेले. पंखा बंद करायचा, डोक्याखाली उशी, पापण्या मिटून वर ओला कापूस, आणि लगेच नेत्रपेढीला फोन. सहा तासांच्या आत त्यांची माणसं घरी यायला हवीत. सोपं आहे की नाही? पण तुमचा पुतण्या माझे मिटलेले डोळे बघूनच हुंदके द्यायला लागला. सूनबाईंनी कापूस इतका भिजवला की पाणी माझ्या कानात. आता मेलेलं माणूस तक्रार कशी करणार? तेवढ्यात शेजारीण इस्त्री मागायला आली. बघते तर मी आडवी आणि मुलगा रडतोय. तिने किंचाळून (तो आवाज तुम्हाला ठाऊक आहे) बाहेर जाऊन थेट तुम्हालाच फोन लावला. फोन ठेवून आत येते तर मी उठून कान पुसतेय. ती धाडकन पडली. मग तिच्यासाठी पंखा लावावा लागला.

शुद्धीवर आल्यावर म्हणाली, "तुमचे दीर रडत रडत एकच विचारत होते, डोळ्यांसाठी कुणी फोन केला का?"

भावजी, दादाच्या वेळचं इतकं मनाला लावून घेतलं होतंत? कधी बोलला नाहीत. मी एवढी वर्षं नेत्रदानावरून तुमच्यापुढे डोकं फोडलं ते फुकटच, आधीच मरायला हवं होतं.

तुमची (हयात) वहिनी

ता. क. : मी कितीही सांगून ठेवलं तरी आयत्या वेळी घरच्यांनी हो म्हणावं लागतं. पुतण्याला ते जमायचं नाही. तुम्हाला रडता रडता बोलता येतं, तेव्हा फोन तुम्हीच करायचा आणि हो पण तुम्हीच म्हणायचं. त्यासाठी माझ्या मागे तुम्ही असायला हवं. मधुमेहाच्या गोळ्या न घेता कुंडीत पुरणं बंद करा. जाऊबाईंनी सगळं सांगितलंय.

आणखी ता. क. : लगेच निघू नका. हे डोळे सध्या मीच वापरतेय. तुमची नवी कवळी बघायची राहिलीय.