शके १८५६चा द्राक्षासव

बुऱ्हाणपूर,
वैशाख शुद्ध पंचमी, शके १८५६

प्रिय शारदा,

एरवी मी तुला चि. सौ. लिहून चार ओळींत खुशाली उरकतो. आज 'प्रिय' लिहिले आहे, तेव्हा पत्र लांबणार हे ओळख आणि हातातली कामे आटोपून निवांत बस.

यंदाचा द्राक्षासव उतरला, आणि असा उतरला की काय सांगू! शनवाऱ्याच्या बाजारातून निवडून आणलेल्या काबुली मनुका, धूलकोटकडच्या डोंगरातला मध आणि आसव आंबवायला तिथलीच धायटीची फुले. दरवर्षी हेच घालतो, पण यंदा रंग पिकल्या जांभळासारखा आला आहे आणि गोडी घशाखाली गेल्यावरही जिभेवर रेंगाळते. एका संस्थानचे राजवैद्य मुद्दाम येऊन गेले. एक घोट घेतला, डोळे मिटले, आणि पेला पुन्हा पुढे केला. खंडव्याचे मोठे डॉक्टर आपल्या औषधांना गावठी काढे म्हणतात, त्यांनीही दोन डझन बाटल्या मागवल्या. अण्णांच्या हातचाही असा नव्हता, हे मी नाही, आई म्हणाली. ती अण्णांच्या वर कोणाला चढू देत नाही, हे तुला माहीत आहेच. मी तर आठवडाभर छाती फुगवून हिंडतो आहे.

पण खरे सांगायचे तर शाबासकी माझी नाही, तुझ्या वहिनीची आहे. गेल्या पावसाळ्यात मला हिवताप आला आणि मी, पिढीजात वैद्य, मुकाट्याने क्विनाइन गिळले. ताप गेला, जाताना क्विनाइनच्या पायी कान घेऊन गेला; आता मोठ्याने बोललेले तेवढे ऐकू येते. हस, खुशाल हस. पण आसव करणाऱ्याचे कान गेले तर उरले काय? भुशात पुरलेला, मातकापडाने, म्हणजे माती लिंपलेल्या फडक्याने, तोंड बांधलेला रांजण आत बुडबुडत कसा बोलतो, केव्हा गप्प होतो, हे कानानेच कळते. शेवटी मी मंगलाला म्हटले, तू ऐक. आईने आकाशपाताळ एक केले. बाईमाणूस आसवाच्या खोलीत! पुन्हा नासेल! मंगला पदर खोचून आत गेली, रांजणाला कान लावला आणि म्हणाली, "अजून बोलतोय." तिसावा दिवस उलटला होता, माझे हात शिवशिवत होते. पण तिने आणखी पाच दिवस मला दाराबाहेर बसवले. मग उघडला. तोंडाशी पेटती वात धरली, ती विझली नाही, नुसती फडफडलीसुद्धा नाही, म्हणजे आतला वायू संपून आसव पुरा झाला होता. माझ्या बायकोचा मला इतका अभिमान आमच्या लग्नातही वाटला नव्हता, आणि हे मी तिला बोलूनही दाखवले.

'अजून बोलतोय' हे शब्द ऐकले आणि मला तू दिसलीस. परकरातली तू, रांजणाला गाल लावून बसलेली. तुझा कान अण्णांपेक्षा तिखट होता. अण्णा तुला विचारल्याशिवाय रांजण फोडत नसत, आणि मी थोरला मुलगा असून मनातल्या मनात जळत असे.

मागच्या खेपेला आपला गडी कौतिक अमळनेरला तुमच्याकडे बाटल्या पोचवून आला. आल्या आल्या म्हणाला, "दादा, आपली ताई लोनच्याच्या बरनीले हात बी नई लावत. सासू म्हने, हिच्या हातानं नासते." त्या दिवशी जेवण गेले नाही. हा ठपका माहेरूनच तुझ्या मागोमाग सासरी गेला. तूही पत्रातून 'माझा हातच आंबट' अशी थट्टा करतेस, कारण तुलाही ते खरे वाटते.

बावीस वर्षांपूर्वीचा तो रांजण आंबट होऊन नासला. तू नुकतीच शहाणी झाली होतीस, खोलीत जायची तुला बंदी झाली होती, तरी गुपचूप जाऊन ऐकून आलीस आणि विचारल्यावर भाबडेपणाने कबूलही केलेस. आईने कपाळावर हात मारला, अण्णांनी तुझ्याशी महिनाभर अबोला धरला. शारदा, तो रांजण मी उघडला होता. तुझ्या आधी मला कळले असे अण्णांना दाखवायचे होते म्हणून विसाव्या दिवशी मातकापड सोडले, चव घेतली, घाईघाईत पुन्हा बांधले. वारा शिरला आणि सगळ्याचा शिरका झाला. तू रडत होतीस तेव्हा मी शेजारी उभा होतो. सतरा वर्षांचा घोडा, एक शब्द बोललो नाही. अण्णा गेले तेही तुलाच दोषी धरून.

काल आईला सगळे सांगितले. ती म्हणाली, "माझ्या लेकीचा हात मीच बांधला रे." रात्रीपासून ती माझ्याशी बोलत नाही, आणि ते बरोबरच आहे. यंदा बाईच्या कानाच्या भरवशावर असा आसव झाला, हे सगळ्या गावाला मी सांगतोच आहे. तुझ्या सासरी मात्र सांगायला हे पत्रच हवे, म्हणून लिहिले. सासूबाईंसमोर बसून पहिल्या अक्षरापासून वाच, माझी लाज राखायला एकही ओळ गाळू नकोस. कैऱ्या आता भरल्या असतील. यंदाचे लोणचे तू घाल. आणि बिघडलेच, तर या वेळी नाव माझे सांग.

तुझाच,
प्रभाकरदादा