बाबांच्या दुकानातली सात घड्याळं

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आणि दाजींचा राग, दोन्ही उतरणीला लागले असतील अशी आशा करतो (जिना चढला की दोन्ही वाढतात, हे मला ठाऊक आहे). आम्ही मजेत. फक्त घरात एकही घड्याळ नाही, त्यामुळे हे पत्र किती वाजता लिहितोय ते सांगता येत नाही. त्याला थोडीफार तूच जबाबदार आहेस.

गेल्या खेपेला तू मला सुनावलंस की आईबाबांना हातभार लावणं आपलं कर्तव्य आहे, काहीतरी कर. तू पाठवलेले पैसे बाबांनी जसेच्या तसे परत केले होते, आणि मी ठेवलेलं पैशांचं पाकीट माझ्याच डब्याच्या पिशवीतून माझ्याकडे परत आलं होतं. दुकानात मात्र दिवसाला एक गिऱ्हाईक, तेही घड्याळाचा पट्टा बदलायला. आई तर गोळी अर्धी मोडून घ्यायला लागली होती, आणि विचारलं की म्हणायची, अर्धीनेच जास्त बरं वाटतं. मग मी डोकं लढवलं. बाबा पोरांचे पैसे घेत नाहीत ना? गिऱ्हाइकांचे तर घेतात!

जुन्या बाजारातून सात घड्याळं आणली, प्रत्येकातला एखादा स्क्रू काढला आणि ओळखीच्यांच्या हाती पैशांसकट दुकानात धाडली. पहिला गेला माझा न्हावी. त्याला फक्त घड्याळ द्यायचं होतं, पण गडी नाटकात शिरला. घड्याळ दिवंगत आजोबांचं आहे म्हणून तो असा काही रडला की बाबांनी मजुरीच घेतली नाही. दुसऱ्या खेपेला शिलाईवाल्या काकूंना बजावलं, रडायचं नाही, उलट जास्त द्यायचे. त्यांनी दुप्पट दिले, आणि बाबा उरलेले परत द्यायला त्यांच्या मागे चौकापर्यंत धावले (या वयात, चप्पल न घालता). ऑफिसातल्या शिपायाला घड्याळ इतकं आवडलं की ते त्याच्याकडेच राहिलं. पण हळूहळू गाडी रुळावर आली. तीच घड्याळं फिरून फिरून नव्या माणसांबरोबर जायची, मी रात्रंदिवस स्क्रू काढायचो. दुकानात बाबा गुणगुणायला लागले. आई पूर्ण गोळी घ्यायला लागली. खरं सांगतो, मी इतका खूश पहिल्या पगारालाही झालो नव्हतो.

माल कमी पडला तेव्हा घरातलं भिंतीवरचं घड्याळसुद्धा काकूंबरोबर पाठवलं. बायको अजून बोलत नाही. तेव्हा ताई, तुझ्याकडचं निदान एक घड्याळ नीट बिघडवून ताबडतोब पाठव. कर्तव्य दोघांचं आहे.

तुझा,
बिनकामाचा भाऊ

ता. क. पत्राचं पाकीट चिकटवण्याआधीच काकू भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त होऊन परत घेऊन आल्या, आणि पुढच्या फेरीसाठी मी ते उघडलं. झाकणाआड बाबांची चिठ्ठी निघाली. "दुरुस्त केलेल्या प्रत्येक घड्याळात मी आतून तारीख कोरतो, हे तू लहानपणापासून बघतोयस. न्हाव्याच्या आजोबांच्या घड्याळात माझ्या पाच तारखा आहेत. आणि हे तर मीच तुझ्या लग्नात दिलं होतं, गाढवा. आईची पूर्ण गोळी सुरू झाली म्हणून गप्प बसलो. आता डोळे दुखतात. रविवारी ये, पाकीट हातात दे, घेईन."

ता. क. २. खरी विनंती ही, की रविवारी तूही ये. पाकीट देईन मी. पण बाबा ते घेताना बघणं एकट्याने व्हायचं नाही माझ्याच्याने.

ता. क. ३. घड्याळ मात्र बिघडवूनच आण. पाकीट घेतल्यावर त्यांच्या हातांना काहीतरी काम लागेल.